तीन टिपक्यांएवढं कपाळ

सकाळचा चहा वॉर्डात आला की मागोमाग माश्याही यायच्या. आज त्यातली एक माशी मैना कुळमेथेच्या नाकावर बसली आणि मैनानं फाडकन स्वतःच्या कपाळावर चापट मारली. माशी जागची हलली नाही. मैनानं दुसरी चापट मारली, तीही कपाळावरच. शेवटी औषधांची ट्रॉली तशीच सोडून कुंभारे सिस्टर धावत आल्या.

"अगं बाई, खाली, खाली! नाकावर बसलीय ती. कपाळानं तुझं काय घोडं मारलंय?"

वॉर्डात कुणी हसलं नाही. इथं सगळ्यांचंच असं व्हायचं. चहाची वाफ नाकाला लागली की माणसं कपाळ पुसत, सर्दी झाली की भुवयांच्या वर खाजवत. नव्यानं भेटायला आलेल्या नातेवाइकांना वाटे, यांच्या डोक्यावर काहीतरी परिणाम झालाय. एका अर्थी झालेलाच असायचा.

चेहऱ्याच्या शस्त्रक्रियांचं हे केंद्र चंद्रपूरपासून लांब, जंगलाच्या अगदी कडेला होतं. उन्हाळे लांबत गेले, रानातले पाणवठे आटले आणि अस्वलं गावांजवळ सरकली, तेव्हा सरकारनं ते काढलं. अस्वल माणसाला खायला येत नाही, ते बिचकून येतं. पण येतं ते थेट तोंडावर. मोहफुलं त्यालाही आवडतात आणि माणसालाही लागतात. पहाटेच्या अंधुक उजेडात दोघंही त्याच झाडाखाली खाली मान घालून वेचत असतात आणि एकमेकांना दचकतात. मैनाचं नाक असंच गेलं होतं.

डॉक्टर निवेदिता रामटेके राउंडला आली तेव्हा तिच्या गुडघ्यांनी नेहमीची कुरकुर सुरू केली होती. पन्नाशी उलटलेली, केंद्रातली एकुलती एक सर्जन. दुसऱ्या जागेवर आलेला डॉक्टर इथल्या उन्हाला कंटाळून आठवडाभरातच परत गेला होता, आणि त्यानंतर कुणी आलंच नव्हतं. लोक तिला विचारत, मॅडम, बरं नाही का? ती म्हणे, बरं आहे हो, जरा झोप राहिलीय. ही झोप कित्येक वर्षांची राहिलेली होती.

"मैना, झोपलीस का रात्री?"

"नाई मॅडम. कूलरची हवा नाकाले लागली का कपाळात मिरची भरल्यावानी झोंबते. रातभर उशी तोंडावर धरून बसली व्हती मी."

निवेदितानं तिची हनुवटी धरून चेहरा खिडकीकडं वळवला. नाक छान बसलं होतं. नाकपुड्या मोकळ्या, रंग चेहऱ्याशी मिळालेला. मिळणारच, ते कातडं मैनाच्याच कपाळाचं होतं.

कपाळाच्या कातडीनं नाक करायची युक्ती या देशात शतकानुशतकं चालत आलेली. डॉक्टर लोक त्या तुकड्याला फ्लॅप म्हणत. निवेदिता पेशंटला समजावताना पदर म्हणायची. "पदर आपण साडीपासून फाडून काढतो का? साडीलाच असतो, नुसता ओढून डोक्यावर घेतो. तसंच हे. भुवईजवळ या कातड्याची रक्ताची नळी असते, तिथं ते जोडलेलंच ठेवायचं. वरचा भाग सोडवायचा, वळवायचा आणि खाली नाकावर आणून शिवायचा." काही आठवडे पेशंटच्या भुवईपासून नाकापर्यंत कातडीची दांडी लोंबत राही. तिला वॉर्डात सगळे सोंड म्हणत. नाकावरचं कातडं आजूबाजूचं रक्त घ्यायला लागलं, की सोंड कापून टाकायची. शहरांत आता प्रयोगशाळेत वाढवलेली कातडी मिळायची, पण तिला इथलं ऊन सोसत नसे आणि चेहऱ्यावर ती ठिगळासारखी वेगळी दिसे. निवेदिताचा भरवसा शेजारच्या कातड्यावरच होता.

नवीन होती ती पुढची गोष्ट. पूर्वी सोंड कापताना तिच्यातली संवेदनेची नस, म्हणजे चेता, तुटायची आणि नवं नाक बधिर राहायचं. लोक गरम चहानं नाक पोळून घेत आणि त्यांना पत्ताही नसे. आता ती केसाएवढी चेता सूक्ष्मदर्शकाखाली सोडवून कातडीखालून जपता येत होती. त्यामुळं नाकाला सगळं कळे. मेंदूला मात्र हे कुणी सांगितलेलं नसे. मेंदूत सगळ्या अंगाचा एक नकाशा असतो, आणि त्या नकाशात ही चेता अजून कपाळाच्याच पत्त्यावर होती. म्हणून माशी नाकावर बसे आणि चापट कपाळाला.

बहुतेकांना याची गंमत वाटे. काहींच्या मेंदूला मात्र हा घोळ सोसत नसे. डोळे म्हणत नाक, चेता म्हणे कपाळ, आणि त्या भांडणातून आग उठे. मैनाला ती उठली होती. त्यावर उपाय होता पत्ताबदल टोपीचा.

"आज दुपारी टोपी सुरू करू," निवेदिता म्हणाली. "आठवडाभरात आग विझेल."

"करा बाप्पा. मले दुसरं काई नोको."

निघता निघता निवेदिताची नजर मैनाच्या नाकाच्या डाव्या बाजूवर गेली. तिथं हिरव्या गोंदणाचे तीन टिपके होते. मैना लहान असताना कपाळावर गोंदलेले. गोंदणारीचा हात हलला म्हणून मधोमध न येता जरा डावीकडं गेलेले. पदराबरोबर तेही खाली आले होते आणि पदर वळवल्यामुळं उलटे झाले होते. आधी वर एक आणि खाली दोन होते, आता वर दोन आणि खाली एक. शस्त्रक्रियेचा आराखडा काढणाऱ्या यंत्रानं तेव्हा सुचवलं होतं, हे डाग आधी लेसरनं घालवावेत. त्या दिवशी निवेदिताला उभं राहवत नव्हतं. तिनं 'नको'वर बोट टेकवलं आणि पुढचं काम उरकलं. आता ते टिपके पाहून तिला स्वतःचाच राग आला. थोडा आणखी वेळ काढला असता तर पोरीचं नाक स्वच्छ दिसलं असतं.

बाहेर ओपीडीत आडकूजी बोरकुटे बसले होते. त्यांच्या नाकावरची गाठ कर्करोगाची निघाली तेव्हा निवेदितानंच ती काढून कपाळाचं नाक केलं होतं, टोपीही घातली होती. म्हातारा दर उन्हाळ्यात तपासणीला यायचा आणि येताना घरच्या तांदळाची पिशवी आणायचा. नको म्हटलं तरी ऐकायचा नाही.

"नाक कसं आहे, आडकूजी?"

"नाकाचं काई म्हननं नाई. एक नंबर हाय. वास येते, थंडी लागते, सुनेनं मिरचीची फोडणी देल्ली का शिंका येते. पण माह्या कपाळाचं पाहा ना, डाक्टरीनबाई."

"कपाळाला काय झालं?"

"मागच्या साली बी सांगितलं व्हतं. तुमी म्हटलं, तिथं शिवण हाय, बधिर राह्यते."

तिला आठवलं. असं ती सगळ्यांनाच सांगत असे.

"बधिर असतं तं चाललं असतं," आडकूजी म्हणाले. "मी रोज सकाळी मारुतीच्या देवळात जातो. उंबऱ्यावर डोकं टेकवतो. पहिले कसं, मधात थंडगार दगड लागे. आता टेकवलं का दोन्ही बाजूनं लागते आन मधात काईच नाई. मधात कोणी घरीच नाई असं वाटते."

निवेदितानं दारातल्या रांगेकडं पाहिलं. "दोन्ही बाजूंचं कातडं मध्ये ओढून शिवलंय ना, म्हणून ते बाजूचंच लागतं."

"तेवढं समजलं मले. पुढचं आयका. सोंड कापली आन टोपी घालाची राह्यली व्हती, ते काई दिवस नाकाले हात लावला का कपाळाले लागे. मी तवा उंबऱ्याले नाकच टेकवो, कोणी पाहत नसलं का." म्हातारा ओशाळून हसला. "बरोब्बर मधात लागे. मंग टोपी झाली, आन तेही गेलं. आन त्याच्यासंगं आणखी एक गेलं."

"काय गेलं?"

"मी लहान असतानी ताप आला का माही माय कपाळाले अंगारा लावे. आंगठ्यानं, दाबून. मायले जाऊन जमाना झाला, पण डोळे मिटले का तो आंगठा लागे मले. अजूनही मिटतो. माय दिसते. तिचा हात येतानी दिसते. आंगठा लागत नाई."

निवेदितानं हातातला केसपेपर बाजूला ठेवला. तिनं सिस्टरना रांग थांबवायला सांगितलं आणि टोपी बनवणाऱ्या कंपनीच्या तज्ज्ञाला तिथंच, आडकूजींसमोर, फोन लावला. केळुसकर नावाचा तरुण पडद्यावर आला. त्याच्यामागं थंडगार, पांढरीशुभ्र खोली दिसत होती.

"हे अपेक्षितच आहे, मॅडम," सगळं ऐकून तो म्हणाला. "नवा पत्ता द्यायचा तर जुना काढावाच लागतो. मेंदूत मधल्या कपाळाची जी जागा आहे ती नाकाला मिळते. तिथं आधीचं काही साठलेलं असेल तर ते... म्हणजे, आम्ही तसं मोजलेलं नाही."

"का नाही मोजलं?"

"कपाळाला काम काय असतं, मॅडम? चाचणीतल्या एकानंही कपाळाची तक्रार केली नव्हती. आम्ही नाक मोजलं. उष्ण, थंड, टोचणं, सगळं व्यवस्थित आहे."

निवेदितानं कपाळाला हात लावला. कपाळाला काम काय! कुंकू, गंध, अंगारा, गुलाल, ताप पाहायला ठेवलेला तळहात, उंबऱ्यावर टेकणं, मोठ्यांच्या पायावर टेकणं. तिच्या मुलखात कपाळाएवढं राबणारं अंग दुसरं नव्हतं. संताप तिच्या ओठांपर्यंत आला आणि तिथंच विझला. तिनं तरी कुठं विचारलं होतं? एवढ्या लोकांना टोप्या घातल्या, आणि प्रत्येकाला नाकाबद्दलच विचारलं.

"गेलेलं परत आणता येतं का?"

"नाही."

"आणि टोपी घातलीच नाही तर?"

"काहींचं आपोआप जुळून येतं. आग उठलेल्यांचं जुळत नाही. त्यांची आग जन्मभर राहते. आणि सोंड कापल्यावर पहिल्या पंधरवड्यातच टोपी लागू पडते, हे तुम्हाला मी सांगायला नको."

सांगायला नकोच होतं. मैनाचा पंधरवडा संपत आला होता.

तिनं फोन ठेवला. आडकूजींनी सगळं ऐकलं होतं, तरी तिनं ते स्वतःच्या तोंडानं सांगितलं. "परत नाही येत हो, आडकूजी. मला हे आधी कळायला हवं होतं."

"बरं," आडकूजी म्हणाले. थोडा वेळ ते पिशवीच्या बंदाशी चाळा करत बसले. "माह्या मनात राग नाई. नाक नसतं तं चार लोकाईत बसता आलं नसतं. पण पुढच्याले आंधी इचारत जा." तांदळाची पिशवी टेबलाखाली सरकवून ते उठले.

दुपारी निवेदिता मैनाच्या खाटेवर जाऊन बसली. राउंडला ती कधी बसत नसे, कारण बसलं की उठवत नसे. मैनानं ओला पंचा नाकावर धरला होता. निवेदितानं तिला सगळं सांगितलं, आडकूजींच्या अंगाऱ्यासकट.

"म्हंजे टोपी घातली का कपाळ मरते?" मैनानं विचारलं.

"मधलं. तुझ्या टिपक्यांच्या जागेचं. त्या जागेला जे काही आठवत असेल तेही जाईल. आग मात्र नक्की थांबेल."

"मंग मरू द्या. चुलीपुढं बसता येत नाई, उन्हात पाय टाकता येत नाई. मी घरी जाऊन करू काय? कपाळ काय चाटाचं हाय?"

"तिथलं काही होतं का तुझं? लक्षात राहिलेलं?"

पंचा उलटा करून मैनानं पुन्हा नाकावर ठेवला.

"माही पोट्टी हाय ना, पंखुडी. पाच वर्साची. बोलाले बी येत नव्हतं तवापासून ती माह्या गोंदणाले आपलं कपाळ लावे. मंग टक म्हनाले शिकली. झोपाच्या आंधी टक, उठली का टक, मी रानात निघाली का टक. त्या सकाळी संगंच व्हती मोहाखाली. अस्वल आलं तसं मी तिले पोटाखाली घेतलं. तिले खरचटलं बी नाई. पण तिनं पाह्यलं, मॅडम. सारं पाह्यलं." मैनानं दाराकडं बोट केलं. "आत्या दोन खेपा घेऊन आली तिले इथं. दारातून पुढं येत नाई. माह्याकडं पाहत नाई. मंग मी कोनासाठी राखू कपाळ?"

निवेदिताला फार वाईट वाटलं आणि त्याहून जास्त दमल्यासारखं झालं. आयुष्यभर चेहरे जोडले, आणि ज्यांच्यासाठी जोडले ती माणसं दारातच उभी. तिनं सिस्टरना टोपी आणायला सांगितलं.

टोपी म्हणजे तारांनी भरलेलं हलकं शिरस्त्राण. पेशंटच्या नाकावर निळ्या शाईनं बारीक जाळी आखायची. जाळीच्या एकेका घराला ब्रश टेकवायचा, आणि त्याच क्षणी टोपीतून मेंदूला चुंबकाची हलकी टिचकी बसायची. त्या टिचकीनं त्या घराचा पत्ता कपाळावरून नाकावर जायचा. एक घर झालं की पुढचं. निवेदितानं चष्मा सावरून मैनाच्या नाकाच्या उजव्या बाजूनं जाळी आखायला सुरुवात केली. ब्रश नव्हे, नुसतं पेन टेकत होतं, तरी दर रेघेला मैनाच्या कपाळावर आठ्या पडत होत्या.

"मैना, येऊ का वो?"

दारात पारबताबाई उभी होती. मैनाची सासू, आणि त्याआधी तिची सख्खी आत्या; त्यांच्यात आतेभावाशी लग्न होतं, म्हणून मैना तिला अजून आत्याच म्हणायची. तिच्या मागं, तिच्या पातळात तोंड खुपसून, पंखुडी होती.

"पाहाय ना, आई हाय," पारबताबाई म्हणाली.

"नाई."

"मंग मी जातो आत. तू राह्य इथं एकटी."

पंखुडी पातळ धरून चार पावलं आत आली, पण तोंड बाहेर काढलं नाही. मैनानं मान खाली घातली. आपण पाहिलं तर ती पळेल, हे तिला ठाऊक झालं होतं. कुंभारे सिस्टर टोपी हातात घेऊन उभ्या होत्या, आणि टोपीवर हिरवे-लाल दिवे लुकलुकत होते. पातळाच्या घडीतून एक डोळा बाहेर आला.

"ते काय हाय?"

"टोपी," सिस्टर म्हणाल्या.

"कोनाची?"

"तुझ्या आईची."

पंखुडीनं टोपीकडं पाहिलं. मग टोपी जिथं बसणार तिकडं, आईच्या कपाळाकडं, पाहिलं. तिथं एक उभी शिवण होती. दुसरं काहीच नव्हतं. तिचा चेहरा रडवेला झाला.

"गोंदण कुठं गेलं?" हे तिनं आईला विचारलं नाही, सिस्टरना विचारलं.

सिस्टर उत्तर सांगून टाकणार होत्या. पण त्यांनी तीन पोरं वाढवली होती. "अय्या, हरवलं की काय?" त्या म्हणाल्या. "तूच शोध बरं."

पंखुडी शोधायला लागली. आधी लांबून शोधलं. आईच्या हातावर पाहिलं, गळ्यावर पाहिलं. मग पातळ सोडून एक पाऊल पुढं आली आणि मान वाकडी करून आईच्या खाली घातलेल्या चेहऱ्यात पाहू लागली.

"खाली आलं!" ती ओरडली. "आज्जी, नाकावर आलं! उलटं हाय!"

"आलं ना खाली घसरून," पारबताबाई म्हणाली.

पंखुडी खाटेवर चढली. मैना श्वास रोखून बसली होती, हात मांडीखाली दाबून. पोरगी अगदी जवळ आली, तेव्हा तिच्या श्वासाचा वारा नाकाला लागला आणि मैनाच्या डोळ्यांत आगीनं पाणी आलं. तरी ती हलली नाही.

"दुखते?"

"थोडंसं."

"मंग हळूच करीन." आणि पंखुडीनं आपलं कपाळ आईच्या नाकाच्या डाव्या बाजूला टेकवलं. "टक."

मैनाचा हात मांडीखालून निघाला आणि सरळ कपाळावर गेला, शिवणीच्या जरा डावीकडं, जिथं टिपके होते तिथं. असे चुकलेले हात निवेदिता रोज पाहत होती. आज पहिल्यांदा तिला तो हात चुकलेला वाटला नाही.

"लागलं," मैना म्हणाली. "मॅडम, लागलं! वरतं. तिथंच, बरोब्बर तिथंच." आणि ती रडायला लागली. आसवं नाकावर ओघळली तशी आग भडकली आणि तिनं कळवळून पंचा तोंडावर दाबला. पंचाआडून ती हसतही होती आणि कण्हतही होती.

"मी जोरानं नाई केलं!" पंखुडी घाबरून म्हणाली.

"तुह्यानं नाई रडत ती," पारबताबाईनं तिला कुशीत ओढलं. "उगी राह्य."

कुंभारे सिस्टरनी टोपी हळूच मागं घेतली. मैनानं ते पाहिलं.

"मॅडम, टोपी नोको," ती म्हणाली. मग पुन्हा कळ आली आणि तिनं खाटेची कड घट्ट धरली. कळ ओसरल्यावर तिनं मान हलवली. "नाई जी, नाई निभत मले असं. आग तेवढी काढा ना. आग काढा आन हे राहू द्या."

"असं कसं होईल गं, मैना?" सिस्टर म्हणाल्या. "दोन्ही एकाच नसेतून येतं."

निवेदिता आपल्या हातातल्या पेनकडं पाहत होती. नाकाच्या उजव्या बाजूला निळी घरं आखून झाली होती. डावी बाजू, टिपक्यांची, अजून कोरी होती. प्रत्येक घराचा पत्ता वेगळा बदलतो. मग प्रत्येक घराचा बदललाच पाहिजे, हे कुणी ठरवलं? तिनं टोपीच्या यंत्राच्या पडद्यावर टिपक्यांची घरं गाळून पाहिली. यंत्रानं लगेच लाल अक्षरं दाखवली: नाक अपूर्ण आहे, असं सत्र सुरू करता येणार नाही. त्याखाली बारीक अक्षरांत डॉक्टरनं स्वतःच्या जबाबदारीवर पुढं जायची सोय होती. तिनं तिथं अजून बोट लावलं नाही. ती मैनाकडं वळली.

"ऐक. हे आजवर कुणी केलेलं नाही, मीही नाही. टिपक्यांभोवतीची घरं मी सोडून देते. तेवढं तुझं कपाळ कपाळच राहील. पण आगही तेवढ्या जागेत राहील, बहुतेक जन्मभर. आणि मेंदूनं ऐकलंच नाही, तर सगळंच जाईल. पोरीचं टकही जाईल, आणि आग न विझता राहील ती वेगळीच. मला खरंच माहीत नाही, मैना. मी माहीत आहे असं म्हणणार नाही."

"टिपक्याएवढीच आग राह्यन?"

"आपलं नशीब असेल तर."

मैनानं पंचा बाजूला ठेवला. "तेवढी सोसीन मी. चूल फुकतानी मान वळवून बसीन." मग तिनं हात पुढं केला. "पंखे, इकडं ये. मॅडमले दाखव बरं, कुठं टक करतं तू. नीट दाखव."

पंखुडीनं मोठ्या गंभीरपणे आपलं बोट आईच्या नाकावर, टिपक्यांवर ठेवलं. मैनानं डोळे मिटून दात आवळले. निवेदितानं त्या छोट्या बोटाभोवती निळी रेघ काढायला घेतली. तिला घाई नव्हती. बाहेर रांग होती, गुडघे दुखत होते, पण ही एक रेघ तिला नीट काढायची होती. आडकूजींच्या वेळी अशी रेघ काढता आली असती, हा विचार आला तसा तिनं तो बाजूला सारला. तो रात्री परत येणार होताच.

"मी मोठी झाली का मंग बी तिथंच लागंल आईले?" पंखुडीनं विचारलं.

निवेदितानं पेन उचललं. मेंदूतली जागा वापरात राहिली तरच टिकते, एवढं तिला पक्कं ठाऊक होतं. मोकळी पडली की शेजारचा हळूहळू आत सरकतो. आणि मैनाच्या त्या जागेच्या चहूबाजूंनी आता नाकच असणार होतं.

"तू रोज टक केलंस तर लागेल," ती म्हणाली. "सोडून दिलंस तर नाक ती जागा घेऊन टाकेल."

मैनानं डोळे उघडले. "आन मोठी होऊन दूर गेली तं?" तिनं हळूच विचारलं.

निवेदितानं सिस्टरच्या हातातून टोपी घेतली. मग पडद्यावरच्या बारीक अक्षरांवर बोट टेकवलं. लाल दिवा विझून हिरवा लागला.

पंखुडीला दूरबिरचं काही पडलेलं नव्हतं. ती निळ्या रेघेच्या आतले टिपके एकेक करून पाहत होती.

"पण डाक्टरीनबाई," ती म्हणाली, "रोज म्हंजे कितीदा?"